पटावरून नाव कमी करण्याआधी

प्रति,
महाविद्यालयांची व्यवस्थापनं, प्राचार्य, कुलगुरू आणि उच्च शिक्षणाचा कारभार पाहणारे सर्व अधिकारी

विषय: प्रवेश घेऊन पदवीपर्यंत न पोहोचणाऱ्या विद्यार्थ्यांची जबाबदारी कोणाची?

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात एक परिपत्रक हाती आलं. दुसऱ्या सत्राची फी मुदतीत न भरलेल्या किंवा हजेरी अपुरी असलेल्या विद्यार्थ्यांची नावं पटावरून कमी करायची आहेत, तरी वर्गप्रमुखांनी सोबतची यादी तपासून सहीनिशी परत करावी. दोन ओळींचं परिपत्रक आणि दीड पानाची यादी. मी पहिल्या वर्षाला शिकवते, त्यामुळे यादीतली बरीच नावं मला चेहऱ्यानिशी ठाऊक आहेत. एका मुलीची शिष्यवृत्ती मंजूर झालेली आहे, पैसे यायचे आहेत. एक मुलगा रात्रपाळी करून येतो; सकाळचा पहिला तास त्याला गाठता येत नाही, पुढच्या सगळ्या तासांना तो असतो. आणखी एक जण गणितात नापास झाला आणि निकाल लागल्यापासून दिसलेलाच नाही. यादीत तिघांच्याही नावापुढे शेरा एकच आहे: 'अनियमित'.

हे एकाच महाविद्यालयाचं गाऱ्हाणं असतं तर मी अर्ज लिहून कार्यालयात दिला असता. पण अशी परिपत्रकं ठिकठिकाणी निघतात, त्यांवर सह्या होतात आणि कोणाला त्यात वावगं वाटत नाही. म्हणून हे पत्र उघडपणे लिहिते आहे. विद्यार्थ्यांनी, त्यांच्या पालकांनी आणि माझ्या सहकाऱ्यांनीही ते वाचावं.

माझं म्हणणं थोडक्यात असं. माझ्या पाहण्यातले जे विद्यार्थी मध्येच गेले, त्यांतल्या फार थोड्यांनी शिक्षण सोडायचं ठरवून सोडलं. बाकीचे कुठेतरी अडले, त्या वेळी कोणी विचारपूस केली नाही, आणि पुढे एका ठरलेल्या तारखेला आपल्याच यंत्रणेने त्यांना बाहेर काढलं. ते कुठे अडतात आणि वर्षाच्या कोणत्या आठवड्यांत अडतात, हे आपल्याला आधीपासून माहीत असतं. तो अडथळा दूर करणं हे मात्र महाविद्यालयात कोणाचंच काम नसतं. प्रवेश देणारा विभाग असतो, परीक्षा घेणारा असतो, फी घेणारा तर असतोच. प्रवेश आणि परीक्षा यांच्या मधल्या काळात विद्यार्थी टिकला की नाही, हे पाहणारी खुर्ची कुठे असते, ते मला अजून कोणी दाखवलेलं नाही.

माझी पहिली तक्रार आकड्यांबद्दल आहे.

निकाल लागला की महाविद्यालयाबाहेर फलक लागतो: निकाल इतके टक्के. हे टक्के परीक्षेला बसलेल्यांचे असतात. तीन वर्षांपूर्वी ज्यांनी प्रवेश घेतला, त्यांतले किती जण शेवटच्या परीक्षेपर्यंत पोहोचले, हा आकडा फलकावर नसतो. पुष्कळदा तो फाइलीतही नसतो, कारण कोणी काढलेलाच नसतो. शंभरांनी प्रवेश घेतला, साठ जण शेवटपर्यंत आले, त्यांतले चोपन्न उत्तीर्ण झाले, की आपला निकाल नव्वद टक्के. उरलेले चाळीस जण कोणत्याच हिशेबात नाहीत. मला तर हा हिशेब चलाखीचा वाटतो, पण तो इतका सवयीचा झाला आहे की चलाखी करतो आहोत हेही आता कोणाच्या लक्षात येत नाही.

हा प्रश्न सगळ्या जगाचा आहे. ओईसीडी या, मुख्यतः श्रीमंत देशांच्या आर्थिक सहकार्य संघटनेने २०१९ मध्ये ज्या देशांची माहिती मिळाली त्यांची सरासरी काढली. पूर्णवेळ पदवी अभ्यासक्रमाला प्रवेश घेणाऱ्यांपैकी ठरलेल्या मुदतीत पदवी मिळवणारे ३९ टक्के. आणखी तीन वर्षं थांबून मोजलं तर ६७ टक्के. माझ्यासारख्या पहिल्या वर्षाला शिकवणारीला त्याच अहवालातला आणखी एक आकडा जास्त बोचला. १२ टक्के विद्यार्थी दुसरं वर्ष सुरू होण्याआधीच निघून जातात, आणि मुदत उलटून तीन वर्षं होईपर्यंत गेलेल्यांचा आकडा २४ टक्क्यांवर पोहोचतो. म्हणजे जे जातात त्यांतले निम्मे पहिल्या वर्षातच जातात. आणि पहिल्या वर्षाचे वर्ग आपण कसे भरवतो? सर्वांत मोठी तुकडी, सर्वांत नवखे किंवा तासिका तत्त्वावरचे शिक्षक, सर्वांत गैरसोयीचं वेळापत्रक. ज्येष्ठ प्राध्यापक शेवटच्या वर्षाला, म्हणजे जे टिकलेच आहेत त्यांना.

हे आकडे मोजता येत नाहीत, अशी सबब चालणार नाही. अमेरिकेत १९९० च्या कायद्याने महाविद्यालयांना पदवी पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण जाहीर करणं बंधनकारक झालं. इंग्लंडमध्ये उच्च शिक्षणाच्या नियामकाने २०२२ मध्ये किमान पातळ्याच ठरवून दिल्या: पूर्णवेळ पहिल्या पदवीसाठी ८० टक्के विद्यार्थ्यांनी शिक्षण पुढे चालू ठेवलेलं असावं, ७५ टक्क्यांनी ते पूर्ण केलेलं असावं. पातळीखाली गेलेल्या संस्थेला जाब विचारला जाऊ शकतो.

अर्थात आकडा जाहीर करायला लावला की आकडा रंगवणारेही निघतात. अमेरिकेतल्या मेरीलँड राज्यात माउंट सेंट मेरीज नावाचं विद्यापीठ आहे. तिथल्या अध्यक्षांची एक योजना २०१६ च्या जानेवारीत विद्यार्थ्यांच्याच वर्तमानपत्राने उघडकीला आणली. नव्या विद्यार्थ्यांकडून प्रश्नावली भरून घ्यायची, त्यावरून कोण पुढे सोडून जाईल याचा अंदाज बांधायचा, आणि अधिकृत मोजणीच्या तारखेआधीच वीसेक जणांना निघून जायला राजी करायचं, म्हणजे टिकणाऱ्यांचं प्रमाण आपोआप वर जाईल! त्यावर एवढा गदारोळ झाला की फेब्रुवारीच्या अखेरीस अध्यक्षांना राजीनामा द्यावा लागला. तिथे निदान गदारोळ तरी झाला. आपल्या परिपत्रकातून नेमकं तेच घडतं आणि त्याची बातमीही होत नाही.

दुसरी तक्रार फीची आहे, आणि ती मी जरा सविस्तर मांडणार आहे.

फी बुडवावी असं मी म्हणत नाही. संस्था चालवायला पैसे लागतात हे मला कळतं. माझा पगारही त्यातूनच निघतो. पण थकबाकीची वसुली कशी करायची याच्या पद्धती असतात, आणि आपण निवडलेली पद्धत सर्वांत महागडी आहे. थोड्या रकमेसाठी आपण विद्यार्थ्याचं नाव काढून टाकतो. ती रक्कम तर येतच नाही, पुढच्या सगळ्या सत्रांची फीही जाते. विद्यार्थ्याने घातलेली वर्षं वाया जातात आणि त्याच्यावर खर्च झालेला सार्वजनिक पैसाही वाया जातो. कोणत्याही दुकानदाराने असा धंदा केला नसता.

जॉर्जिया स्टेट या अमेरिकेतल्या अटलांटा शहरातल्या विद्यापीठात एका सत्रात हजाराच्या घरात विद्यार्थी केवळ पैसे भरले नाहीत म्हणून पटावरून काढले जात. तिथल्या लोकांनी ती यादी उघडून बघितली, हाच त्यांचा मोठेपणा. यादीत असे पुष्कळ निघाले की ज्यांचे गुण चांगले होते, पदवी अगदी हाताशी आली होती आणि बाकी मात्र किरकोळ होती. २०११ पासून विद्यापीठाने ही तूट स्वतःच भरायला सुरुवात केली. सरासरी मदत सुमारे ९०० डॉलर. त्या रकमेपेक्षा ती द्यायची रीत मला महत्त्वाची वाटते. विद्यार्थ्याने अर्ज करायचा नाही, दाखले गोळा करायचे नाहीत, खिडक्या झिजवायच्या नाहीत. विद्यापीठ आपल्याच नोंदींवरून त्याला शोधतं, पैसे थेट खात्यात जमा करतं, आणि बदल्यात त्याने समुपदेशकाबरोबर बसून उरलेल्या काळाचा आर्थिक हिशेब मांडायचा. या विद्यापीठात २००३ मध्ये सहा वर्षांत पदवी पूर्ण करणारे ३२ टक्के होते. पुढे हे प्रमाण ५४ टक्क्यांच्या आसपास पोहोचलं. ते एका योजनेमुळे झालं नाही, डझनभर बारीकसारीक सुधारणा मिळून झालं. पण त्यांतली ही सुधारणा सुरू झाली ती अशीच एक यादी उघडून वाचण्यापासून.

आता आपल्याकडची रीत. मदतनिधी असतो, पण त्याची सूचना फलकावर लागते ती मुदत संपायच्या दोन दिवस आधी. अर्जाबरोबर गरिबीचे पुरावे जोडायचे. मग समितीपुढे उभं राहायचं. सर्वांत अडचणीत असलेली मुलं या रांगेत सर्वांत शेवटी असतात, कारण ती त्या वेळी कामावर असतात.

थकबाकीपोटी गुणपत्रकं आणि दाखले अडवून ठेवण्याबद्दल तर मला समजावणीच्या सुरात लिहिणं अवघड जातं. ज्याच्याकडून पैसे येणं आहे, त्याच्या हातातून पैसे मिळवण्याचं साधन काढून घ्यायचं आणि म्हणायचं, आधी पैसे आण. गुणपत्रक नाही म्हणून त्याला दुसरीकडे प्रवेश नाही, बरी नोकरी नाही. अमेरिकेत २०२० च्या एका अंदाजानुसार सुमारे ६६ लाख लोकांची शैक्षणिक कमाई अशी महाविद्यालयांच्या कपाटात अडकून पडली होती. कॅलिफोर्नियाने त्याच वर्षापासून कायद्याने ही प्रथा बंद केली. संस्था बुडाल्या नाहीत.

तिसरी तक्रार ज्याला आपण 'पाया पक्का करणं' म्हणतो त्याबद्दल आहे. मी स्वतः गणित शिकवते, त्यामुळे हा आमच्याच घरातला वाद आहे.

विद्यार्थी कच्चा दिसला की आपण त्याला मूळ अभ्यासक्रमाआधी एक पूरक अभ्यासक्रम करायला लावतो. त्यात नापास झाला की तोच परत. पुन्हा नापास, पुन्हा तोच. त्याला ज्या विषयासाठी यायचं होतं तो विषय सुरूच होत नाही. वर्ष संपतं तेव्हा त्याच्या खाती एकही श्रेयांक नसतो आणि डोक्यात मात्र 'हे आपलं काम नव्हे' हे पक्कं बसलेलं असतं. आमच्या शिक्षककक्षात यावर ठरलेलं उत्तर आहे: पाया नसेल तर पुढचं कसं कळणार? ऐकायला रास्त वाटतं.

न्यूयॉर्क शहराच्या सार्वजनिक विद्यापीठातल्या तीन महाविद्यालयांनी हे रास्त वाटणारं म्हणणं प्रत्यक्ष तपासून पाहिलं. ज्यांना प्राथमिक बीजगणिताचा पूरक वर्ग घ्यावा लागणार होता अशा ९०७ विद्यार्थ्यांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी विभागणी केली. काहींना नेहमीचा पूरक वर्ग दिला. काहींना थेट पदवीच्या पातळीचं संख्याशास्त्र दिलं, आणि त्याच्या जोडीला दर आठवड्याला सरावाचा वर्ग. २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पूरक बीजगणितात ३९ टक्के उत्तीर्ण झाले, तर वरच्या पातळीच्या संख्याशास्त्रात ५६ टक्के. पुढे तीन वर्षांत पदवी मिळवणारेही या दुसऱ्या गटात जास्त निघाले: १७ टक्क्यांच्या तुलनेत २५ टक्के. कच्च्या विद्यार्थ्याला वर्षभर दाराबाहेर बसवून ठेवण्यापेक्षा आत घेऊन शेजारी आधाराला माणूस दिला, तर तो जास्त शिकतो, असाच याचा अर्थ मी लावते. हे वाचल्यावर माझ्या काही सहकाऱ्यांनी 'तिकडची मुलं वेगळी' असं म्हटलं. ती कच्ची म्हणूनच निवडलेली होती, हे मी त्यांना दोनदा सांगितलं.

चौथी तक्रार कागदावरच्या मेंटॉरची. प्रत्येक शिक्षकाला काही विद्यार्थी नेमून दिलेले असतात. फॉर्म भरून घेतले जातात, तपासणी समिती यायची असली की फाइलींना नवी कव्हरं लागतात. मेंटॉरला त्यासाठी वेळ दिलेला नसतो. कोणाला फोन करायचा हे सांगणारी यादी त्याच्याकडे नसते. अडचण कळलीच तर ती सोडवायचे अधिकारही नसतात. मला विद्यार्थिनीने सांगितलं की शिष्यवृत्ती आलेली नाही, तर मी तिला फक्त 'कार्यालयात विचार' एवढंच म्हणू शकते. कार्यालयाने तिला आधीच माझ्याकडे पाठवलेलं असतं.

हल्ली यावर सोपा उपाय म्हणून सगळ्यांना एकदम मोबाइलवर संदेश धाडले जातात. 'प्रिय विद्यार्थी, आपली हजेरी कमी आहे.' या उपायाचीही परीक्षा झालेली आहे. अमेरिकेत ८ लाखांहून जास्त विद्यार्थ्यांना प्रवेश आणि आर्थिक मदतीसंबंधी आठवणीचे संदेश पाठवून पाहिले. परिणाम जवळजवळ शून्य. ओळखीच्या स्थानिक माणसांकडून, थोड्या जणांना गेलेले संदेश याआधी उपयोगी पडले होते. तेच मोठ्या प्रमाणावर, कोणा अनोळखी ठिकाणाहून आले तेव्हा त्यांतला जीव गेला. याउलट, १३ हजारांहून जास्त विद्यार्थ्यांच्या एका अभ्यासात ठरावीक मार्गदर्शक नियमितपणे स्वतः फोन करत: अभ्यास कसा चाललाय, कामाच्या वेळा जुळतायत का, घरी काही अडचण आहे का. सहा महिन्यांनी शिक्षण चालू ठेवणारे असे फोन न आलेल्यांत ५८ टक्के होते, तर फोन आलेल्यांत ६३ टक्के, आणि फोन थांबल्यानंतरही पुढे वर्षभर फरक टिकून राहिला.

यंत्राला माझा विरोध नाही. जॉर्जिया स्टेटनेच २०१६ च्या उन्हाळ्यात संदेशांना उत्तरं देणारी एक प्रणाली लावली होती, आणि प्रवेश निश्चित करूनही पहिल्या दिवशी न उगवणाऱ्यांचं प्रमाण त्यामुळे पाचव्या हिश्श्याने घटलं. पण ती विद्यार्थ्याचा नेमका कोणता कागद राहिलाय ते पाहून सांगायची, रात्री विचारलेल्या प्रश्नाला रात्रीच उत्तर द्यायची, आणि उत्तर माहीत नसलं की प्रश्न माणसाकडे जायचा. आपल्या संदेशाला तर उत्तरही देता येत नाही.

नवख्या विद्यार्थ्याला 'हे आपलं ठिकाण नव्हे' असं वाटत राहणं हाही मोठा विषय आहे, पण त्यावर थोडंच लिहिते, कारण इथे भाषणं फार होतात. अमेरिकेतल्या २२ संस्थांमध्ये झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात नव्या विद्यार्थ्यांना वरच्या वर्गातल्यांचे अनुभव वाचायला दिले: सुरुवातीला आम्हालाही परकं वाटायचं, पुढे रुळलो. अर्ध्या तासाच्या आतलं काम. त्याचा उपयोग झाला, पण जिथे त्या विद्यार्थ्यांना रुळायला खरोखर वाव होता तिथेच. बाकी ठिकाणी नुसतं वाचून काही झालं नाही. स्वागत समारंभांवर खर्च करणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावं.

पाचवी तक्रार वेळापत्रकाची. सकाळी एक तास, मध्ये तीन तास मोकळे, दुपारी प्रात्यक्षिक, असं वेळापत्रक ज्याला पोटासाठी काम करावं लागत नाही त्याच्यासाठी बनवलेलं असतं. सलग चार तास आणि आठवड्याचे ठरलेले दिवस मिळाले, तर कित्येक जण काम सांभाळून शिकतील. याला पैसे लागत नाहीत, फक्त वेळापत्रक करणाऱ्या समितीने एक दिवस जास्त बसावं लागतं.

हे सगळे उपाय सुटे सुटे करून भागत नाही, हेही मला सांगायचं आहे. न्यूयॉर्कच्याच विद्यापीठाने २००७ मध्ये एक योजना सुरू केली. विद्यार्थ्याने पूर्णवेळ शिकायचं, पूरक विषय आधी उरकायचे, मार्गदर्शकाला ठरलेल्या वेळी भेटायचं. बदल्यात उरलेली फी माफ, पुस्तकं आणि प्रवासाचा पास मोफत, शिकवणी, आणि सलग बांधलेलं वेळापत्रक. एका मार्गदर्शकाकडे ६० ते ८० विद्यार्थी. योजनेबाहेर हेच प्रमाण ६०० च्या वर होतं. कोणाला योजनेत घ्यायचं हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवून तपासणी झाली. तीन वर्षांत पदवी घेणारे योजनेबाहेर २२ टक्के, योजनेत ४० टक्के. पुढे ओहायोतल्या तीन महाविद्यालयांनी ती उचलली, तिथेही १९ चे ३५ झाले. वेगळं राज्य, वेगळी माणसं, पण फरक तसाच.

यावर व्यवस्थापनाचा पहिला प्रश्न खर्चाचा असणार. न्यूयॉर्कच्या योजनेत दर विद्यार्थ्यामागचा खर्च सुमारे ६० टक्क्यांनी वाढला, हे खरं आहे. पण मिळालेल्या पदव्यांनी भागून पाहिलं तर दर पदवीमागचा खर्च कमी झाला. प्रवेशांमागे खर्च मोजायचा की पदव्यांमागे, हे आपणच ठरवायचं आहे.

दुसरा आक्षेप दर्जाचा. सगळ्यांना टिकवायचं म्हणजे सगळ्यांना पास करायचं का? मी एकही गुण फुकट मागितलेला नाही. वर सांगितलेल्या कुठल्याही प्रयोगात परीक्षा सोपी केलेली नव्हती. संख्याशास्त्राच्या प्रयोगात तर ती अवघड होती. आणि काही जणांनी शिक्षण सोडणंच योग्य असतं, हेही मान्य. चुकीची शाखा निवडलेली असते, दुसरं काही करायचं असतं. त्यांनी जरूर जावं. फक्त जाताना कोणीतरी त्यांच्याशी पंधरा मिनिटं बोलावं आणि परत यायचं झालं तर काय करायचं ते सांगावं, एवढी तरी माणुसकी असावी.

आता माझ्या घरातलं. माझा मोठा भाऊ शेवटच्या वर्षात दोन विषय राहिले म्हणून थांबला, तो थांबलाच. हुशारी कमी नव्हती. त्या वर्षी घरात आजारपण होतं आणि त्याने नोकरी धरली. पुढे अभ्यासक्रम बदलला, जुने विषय बंद झाले, आणि परत यायचं तर पहिल्यापासून प्रवेश घ्या असं त्याला सांगितलं गेलं. त्याच्या हाताखाली शिकलेले लोक आज त्याचे वरिष्ठ आहेत, कारण बढतीच्या अर्जात पदवीचा रकाना आहे. इतक्या वर्षांत त्याच्या महाविद्यालयाकडून त्याला एकही पत्र आलेलं नाही. माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याचंसुद्धा नाही, कारण त्यांच्या लेखी तो माजी विद्यार्थीही नाही.

विल्यम स्पेडी आणि व्हिन्सेंट टिंटो या अभ्यासकांनी १९७० च्या दशकातच मांडून ठेवलं आहे की शिक्षण सुटण्याचं कारण एकट्या विद्यार्थ्यात शोधून भागत नाही, तो आणि संस्था यांच्यातलं नातं कसं जुळलं किंवा तुटलं हे पाहावं लागतं. आपण मात्र अजून 'अनियमित' या शेऱ्यावर थांबलो आहोत.

म्हणून माझ्या मागण्या अशा आहेत.

एक. दरवर्षी तीन आकडे जाहीर करावेत: प्रवेश किती जणांनी घेतला, त्यांतले दुसऱ्या वर्षात किती आले, आणि मुदतीत पदवी किती जणांना मिळाली. मोजणी प्रवेशाच्या दिवसापासून करावी, नंतरच्या सोयीस्कर तारखेपासून नको. निकालाच्या टक्क्यांशेजारी, त्याच फलकावर, तेवढ्याच अक्षरांत.

दोन. प्रत्यक्ष बोलणं झाल्याशिवाय एकाही विद्यार्थ्याचं नाव पटावरून कमी करू नये. कोण बोललं, काय अडचण निघाली, काय उपाय सुचवला, हे लिहिलेलं असावं. शिष्यवृत्ती मंजूर होऊन पैसे यायचे असतील, तर तो विद्यार्थी थकबाकीदार धरू नये. तो उशीर त्याचा नाही.

तीन. छोट्या थकबाकीसाठी मदतनिधी असावा आणि त्यासाठी कोण पात्र आहे हे संस्थेने आपल्या नोंदींवरून शोधावं. शेवटच्या वर्षातल्यांना प्राधान्य. थकबाकीपोटी गुणपत्रक अडवणं आजपासून बंद.

चार. मेंटॉरचं काम कार्यभारात धरावं, त्याला तास द्यावेत. विद्यार्थी पहिल्या चाचणीत नापास झाला किंवा सलग आठ-दहा दिवस आला नाही, की त्याचं नाव त्याच आठवड्यात मेंटॉरकडे यावं. सत्र संपल्यावर आलेल्या यादीचा उपयोग नाव खोडण्यापलीकडे होत नाही. आणि ही नावं मदतीसाठीच वापरायची. कोणाला शाखा बदलायला किंवा निघून जायला भाग पाडण्यासाठी ती वापरली गेली, तर तो गैरवापर मानावा.

पाच. पूरक वर्ग मूळ विषयाच्या आधी ठेवण्याऐवजी त्याच्या जोडीने चालवून पाहावेत. एका विषयापासून सुरुवात करा. आमचा विभाग तयार आहे.

सहा. गेल्या दहा वर्षांत ज्यांचे थोडेच विषय राहिले अशांची यादी काढून त्यांना पत्र पाठवावं. जुन्या विषयांना आज कोणते विषय समकक्ष आहेत, किती श्रेयांक धरले जातील, परीक्षा कधी देता येईल, हे त्यात स्पष्ट लिहिलेलं असावं.

सात. या सगळ्याला जबाबदार अशी एक व्यक्ती प्रत्येक महाविद्यालयात नेमावी. समिती नको, समित्या आपल्याकडे पुष्कळ आहेत. नावानिशी एक माणूस, ज्याच्या कामाचं मूल्यमापन वरच्या तीन आकड्यांवर होईल आणि ज्याला फी विभागाची तारीख पुढे ढकलण्याचा अधिकार असेल.

यांतलं काय करता येईल, काय येणार नाही आणि का येणार नाही, याचं लेखी उत्तर मला पुढचं सत्र सुरू होण्याआधी हवं आहे. ते माझ्या नावाने पाठवलं नाही तरी चालेल. सूचनाफलकावर लावा, म्हणजे विद्यार्थ्यांनाही वाचता येईल.

आपली,
पहिल्या वर्षाला गणित शिकवणारी एक प्राध्यापिका